साठ शब्दांत आग

“साहेब, एक बाई तुमची पाटी पुसतायत,” असं पहारेकरी येऊन म्हणाला, तेव्हा पाटीवाले एका अर्धविरामावर गेला पाऊण तास विचार करत बसले होते. संग्रहालयातल्या प्रत्येक चित्राखाली जी माहितीची पाटी असते ती गेली अठ्ठावीस वर्षं तेच लिहीत आले होते. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना पाटीवाले म्हणत, आणि निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाने अशा गोष्टींचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. पहारेकऱ्याची अडचण कायद्याची होती. चित्राला कुणी हात लावला तर काय करायचं हे नियमावलीत होतं: आधी खाकरायचं, मग हटकायचं, मग नाव लिहून घ्यायचं. पाटीला हात लावला तर काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण पाटीला हात लावावा असं आजवर कुणाला वाटलेलंच नव्हतं. ती वाचावी असंही फारसं कुणाला वाटत नसे. लोक चित्राकडे दोन क्षण बघत, पाटीवरचं साल बघत, आणि साल जुनं असलं तर आदराने मान हलवून पुढे सरकत. त्यामुळे आपली पाटी कुणी तरी पुसतंय हे ऐकून पाटीवाल्यांना, खोटं कशाला बोला, क्षणभर आनंदच झाला. अर्धविराम तसाच ठेवून ते उठले.

दालन क्रमांक चारमध्ये एकच चित्र होतं, कारण दुसरं मावत नव्हतं. सहा फूट रुंद, नऊ फूट उंच. बटणांच्या कारखान्याला लागलेली आग. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच शहरात भर दुपारी चार वाजता ती लागली होती, आणि कारखान्यासमोर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाने ती पाहून नंतर दोन वर्षं खपून हे एवढं मोठं काढलं होतं. वर राखाडी आभाळ, मध्ये काळी इमारत, खाली माणसांच्या पाठीच पाठी. एकाचाही चेहरा नाही. सगळे वर बघतायत. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या डावीकडून चौथ्या खिडकीत अंगठ्याएवढा पिवळा ठिपका. त्या चित्राखाली गुडघ्यांवर बसून एक सत्तरीची बाई रुमालाच्या कोपऱ्याला थुंकी लावून पाटीची शेवटची ओळ घासत होती. अक्षरं कोरलेली होती, त्यामुळे ती आणखी लखलखीत होत होती. पाटीवाल्यांनी नियमाप्रमाणे खाकरून पाहिलं. बाईंनी मागे वळून बघितलं नाही, “ही खालची ओळ कुणी लिहिली?” एवढंच विचारलं. “संग्रहालयाने,” पाटीवाले म्हणाले. हे उत्तर त्यांना अठ्ठावीस वर्षांत प्रथमच द्यावं लागत होतं, तरी ते अगदी सरावाने आलं.

बाईंना उठवून बाकावर बसवलं तेव्हा हळूहळू कळलं ते असं. बाईंची नात नववीत. नववीच्या पुस्तकात हे चित्र आहे, चित्राखाली पाटीवाल्यांची पाटी जशीच्या तशी आहे, आणि धड्याखाली प्रश्न आहे: पिवळ्या ठिपक्यातून चित्रकाराला काय सुचवायचे आहे? तीन गुण. नात मोठमोठ्याने पाठ करत होती, की सर्वनाशाच्या काळोखातही चित्रकाराने एक दिवा तेवत ठेवला आहे, हे आशेचे प्रतीक आहे. आजी भाजी निवडत होती. तिने विचारलं, कुठला कारखाना, कितवा मजला, कितवी खिडकी. मग भाजी बाजूला ठेवली आणि नातीला सांगितलं. नातीने परीक्षेत आजीचं उत्तर लिहिलं आणि तिला तीनपैकी शून्य मिळालं. शिवाय उत्तरपत्रिकेवर लाल शाईने शेरा होता: कल्पनाशक्ती चांगली, पण धडा वाचावा.

“तो दिवा नाही,” बाई म्हणाल्या. “ती माझी धाकटी बहीण आहे.”

आता इथे पाटीवाल्यांच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर विनाकारण राग येईल. कारणासह यायला हरकत नाही. संग्रहालयाचा नियम असा की कुठलंही चित्र असो, पाटी साठ शब्दांची. आणि चित्र जर पुराचं, भूकंपाचं, लढाईचं, साथीचं, म्हणजे एकूण माणसं मरण्याचं असेल, तर शेवटचं वाक्य उजेडाचं. कारण शाळांच्या सहली येतात. मुलं घाबरून घरी जाता कामा नयेत. पूर्वी एकदा एक मुलगा गेला होता आणि त्याच्या वडिलांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं. तेव्हापासून बुडत्या जहाजाच्या चित्राखाली ‘तरीही क्षितिज स्वच्छ आहे’, आणि साथीत मेलेल्या गावाच्या चित्राखाली ‘उजव्या कोपऱ्यातलं रोप पाहा’. त्या रोपाबद्दल वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक सांगून गेले होते की ते विषारी आहे. पाटी बदलली नाही. उजेडाचं वाक्य शोधण्यात पाटीवाल्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. कसंही चित्र द्या, ते त्यातून पहाट, पक्षी, अंकुर, निदान ढगाची कडा काढून दाखवत. आगीच्या चित्राने मात्र त्यांना सव्वीस वर्षांपूर्वी आठ दिवस दमवलं होतं. त्यात खरं तर त्यांनी चित्र पाहिलंच नव्हतं. चित्र चौकटवाल्याकडे होतं, उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, आणि टेबलावर होता पोस्टकार्डाएवढा एक फोटो. पाटी आधी, चित्र मागाहून, ही कामाची रीतच पडून गेली होती. लग्नात नाही का, आधी पत्रिका छापतात. त्या फोटोत त्यांना टाचणीच्या डोक्याएवढा पिवळा ठिपका दिसला आणि ते खुर्चीत मागे रेलून सुटल्यासारखे हसले. सापडला. चित्रकार तेव्हा जिवंत होता. समारंभात त्याला विचारलं की या ठिपक्याचा अर्थ काय, तर तो म्हणाला, दिसलं ते काढलं. मोठ्या कलावंतांचा विनय असाच असतो, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. ते वाक्य पुढे पाठ्यपुस्तकात गेलं, संग्रहालयाच्या वह्यांच्या मुखपृष्ठावर गेलं, आणि एका वर्षी अग्निशमन दलाच्या दिनदर्शिकेवरही गेलं. तेव्हापासून नववीची मुलं, वर्गामागून वर्ग, त्या मुलीला आशा म्हणून तीन तीन गुण मिळवत पुढे गेली.

बाई सांगत होत्या आणि पाटीवाले ऐकत होते. म्हणजे ऐकताना त्यांचं डोकं सवयीने शब्द मोजत होतं. कारखान्यात यंत्रात केस जाऊ नयेत म्हणून डोक्याला रुमाल बांधायचा. जुन्या बायकांचा लाल, नव्यांचा पिवळा, म्हणजे मुकादमाला लांबूनच कळावं की ओरडायचं कोणावर. तीन महिने झाले की पिवळा परत करून लाल मिळायचा. धाकटीचे तीन दिवस राहिले होते. कारखान्यातल्या लाल रुमालांचं कापड खरखरीत, म्हणून थोरलीने, म्हणजे बाईंनी, तिच्यासाठी मऊ लाल कापड आणून कडा शिवून ठेवल्या होत्या. सतरा वर्षांची होती. बटणं सेल्युलॉइडची, सगळ्या इमारतीला कापरासारखा वास, घरी येऊन अंघोळ केली तरी जायचा नाही. थोरलीची पाळी सकाळची. ती सुटून घरी जाऊन पुन्हा काही आणायला बाजारात आली, तेव्हा धूर दिसला. जिन्याचं दार बाहेरून बंद असायचं. बायका बटणं खिशात घालून नेतात असा मालकांचा संशय होता, म्हणून पाळी संपेपर्यंत कुलूप, आणि किल्ली मुकादमाकडे, आणि मुकादम चहाला. हे बाईंनी असं सांगितलं जसं कुणी पत्ता सांगतं: इथून डावीकडे, मग उजवीकडे. खिडकीला गज होते. धाकटीने डोक्यावरचा रुमाल सोडून हातात घेतला आणि गजांमधून बाहेर काढून हलवायला लागली. बाई खाली गर्दीत होत्या. चित्रातल्या पाठींमधली एखादी पाठ त्यांची असेल. आपली पाठ आपल्याला कशी ओळखू येणार, असं त्या म्हणाल्या, आणि यात त्यांना काही गमतीचं वाटलं असावं, कारण त्या थोड्या हसल्या.

पाटीवाल्यांनी इथे, सवयच ती, हलक्या आवाजात म्हटलं की शेवटपर्यंत तिला वाटत असेल, कुणीतरी येईल.

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “ती मला शिव्या देत होती. मला ऐकू येत होतं. तिला कामाला मीच लावलं होतं ना. तिला शिवणकाम शिकायचं होतं, मी म्हटलं, आधी चार महिने काम कर, मग बघू. ती रुमाल हलवत होती तो मला दाखवायला. हा बघ, हा बघ तुझा रुमाल. चिडली होती ती. तेवढं लिहा. नाव नका लिहू, नाव लिहून काय करायचंय. चिडली होती म्हणून लिहा. पोरीला शून्य दिलं त्यांनी.”

पाटीवाल्यांनी बघतो म्हटलं. ‘बघतो’ हा कचेरीतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. बाईंना माहीत नव्हता. पुढच्या महिन्यात याच वारी येते, असं सांगून त्या गेल्या.

दुपारी दालन जेवणासाठी बंद असतं त्या वेळात पाटीवाल्यांनी दिवे पुसायची शिडी मागवली. ठिपका जमिनीपासून आठ फुटांवर होता. सव्वीस वर्षं ते रोज या चित्रावरून डब्याच्या खोलीकडे गेले होते आणि रोज त्यांनी वर बघून आपलं वाक्य बघितलं होतं. शिडीच्या पाचव्या पायरीवर, भिंगाखाली, ठिपका गोल नव्हता. तो लांबट होता, डावीकडे ओढला गेलेला, आणि टोकाला कुंचला उलटा फिरवून परत आणलेला, कापडाला झटका बसला की होतं तसं. त्याखाली तपकिरी रेघ, रेघेखाली कोपर. कोपर इतकं उघड होतं की पाटीवाल्यांना त्या रंगाऱ्याचा राग आला. आणि कोपराच्या मागे, काळ्यात काळं, एक तोंड होतं. उघडं. चार फुटांवरूनही दिसत नव्हतं, भिंगातून दिसत होतं: आत लाल रंगाचा एक अगदी बारीक ठिपका. ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडात आत दिसतं तेवढाच. पाटीवाले शिडीवर उभे राहिले. खालून पहारेकऱ्याने विचारलं, काय दिसतंय साहेब. पाटीवाले म्हणाले, धूळ फार बसली आहे. आणि हे म्हणताना त्यांना एकदम जाणवलं की आपली शिडी धरलेली पकड आणि आपला आवाज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हात घट्ट आवळलेला आणि आवाज असा स्वच्छ, समजूतदार, खालच्या माणसाला काळजी वाटू नये असा. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी आठ महिने त्यांनी तो दिवसरात्र वापरला होता.

बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तर सांगा, स्पष्टीकरण मागितलं तर द्या, हा तिचा खाक्या. लग्नानंतर पहिल्यांदा तिने संग्रहालय पाहिलं तेव्हा सगळ्या पाट्या नीट वाचल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाली, तुमच्याकडे कोणी फुकट मरत नाही, हो ना? पाटीवाल्यांना ती स्तुती वाटली होती. ती आजारी पडली तेव्हा तपासण्यांचे कागद तेच आणायला जात; आणून दाराशीच बूट काढता काढता वाचून दाखवत. कागदावर जे लिहिलेलं असे ते ते वाचत, खोटं वाचत नसत. फक्त कागद संपल्यावर एक वाक्य त्यांचं असे. डॉक्टरांचा चेहरा आज बरा वाटला. वाढ आहे, पण वेग कमी आहे. या औषधाने एक बाई परवा चालत घरी गेली. ती बाई कोण, हे गणिताच्या बाईंनी कधी विचारलं नाही. त्या नुसत्या ऐकत आणि वाक्य संपलं की डोळे मिटत. एकदा, पाचव्या महिन्यात, तिने त्यांना हाताने खुर्ची दाखवली. “अहो, बसा जरा. मला काही बोलायचं आहे.” आणि पाटीवाले उभ्या उभ्याच म्हणाले, “आधी बरी हो. मग आयुष्यभर बोल, मी कुठे पळून जातोय.” ते छान वाक्य होतं. त्यांना स्वतःलाही ते आवडलं होतं, हे शिडीवर उभं असताना आठवलं. तिने पुन्हा खुर्ची दाखवली नाही. तिला काय बोलायचं होतं? दागिन्यांचं, मुलीचं, की चोवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या भांडणाचं, ज्यात ती बरोबर होती? की नुसतंच, मला भीती वाटते? पाटीवाल्यांनी दोन वर्षं या जागी निरनिराळी वाक्यं ठेवून पाहिली होती, आणि प्रत्येक वाक्य त्यांच्याच हातचं निघत होतं: नेटकं, मोजकं, शेवटी उजेड असलेलं. तिचं वाक्य वेडंवाकडं असणार. ती रागावली की अर्ध्यावर थांबायची आणि कर्ता विसरायची.

शेवटच्या आठवड्यात ती खिडकीकडे बघत पडून असे आणि तिच्या ओठाचा डावा कोपरा वर गेलेला असे. पाटीवाल्यांनी त्याचं नाव हसू ठेवलं. परगावी असलेल्या मुलीने फोनवर विचारलं, निघू का, तर म्हणाले, घाई नको, आज हसत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. नर्स उशी नीट करता करता सांगत होती, “त्या हसत नाहीयेत, काका. दातांवर दात धरलेत त्यांनी.” पाटीवाल्यांनी नर्सच्या वयाकडे पाहून तिला माफ केलं. मुलगी पोचली तेव्हा एक दिवस उशीर झालेला होता.  ती आईच्या ओठाकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग बापाकडे. आता ती दर रविवारी फोन करते आणि पाच मिनिटं हवेबद्दल बोलते. तिकडे ऊन आहे, इकडे ढग आहेत. पाटीवाले म्हणतात, ढग जातील.

शिडीवरून उतरताना त्यांना वाटलं, ओठाचा तो कोपरा त्यांनी कधी जवळून पाहिलाच नव्हता. पलंगापासून खुर्ची चार फुटांवर होती. खुर्ची पुढे ओढता आली असती. चार फुटांवरून हसू दिसतं, हे खरंच आहे. त्यांनी काही बनवाबनवी केली नव्हती. पण भिंगातून? भिंगातून तिथे काय होतं? बाई जसं सरळ सांगून गेल्या, चिडली होती ती, तसं सांगणारं कुणी तेव्हा घरात होतं, आणि त्याला त्यांनी वयावरून माफ केलं होतं. हा विचार त्यांनी पूर्ण केला नाही. पहारेकऱ्याला शिडी परत न्यायला सांगितली आणि धुळीबद्दल अर्ज लिहिला, कारण एकदा बोललं की ते निस्तरावं लागतं.

पण त्या आठवड्यात त्यांनी खरोखर एक गोष्ट केली. त्यांनी पाटी लिहिली. न मागता, न सांगता, अठ्ठावीस वर्षांत प्रथमच चित्रासमोर बाकावर बसून. चित्रकार, साल, माप वगैरे होतं तसं ठेवलं आणि पुढे लिहिलं: तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक मुलगी आहे. ती सतरा वर्षांची आहे. तिने डोक्याचा पिवळा रुमाल सोडून हातात घेतला आहे. दार बाहेरून बंद आहे. ती चिडलेली आहे. लिहून झाल्यावर हात पुढचं वाक्य शोधत कागदावर फिरत राहिला, पायरी संपली तरी पाय आणखी एक पायरी शोधतो तसा. त्यांनी टोपण लावलं. मोजलं, बरोबर साठ भरले. त्या दिवशी ते घरी चालत गेले, आणि स्वयंपाकघरात उभे राहून, दुसरं कुणी ऐकायला नसताना, ती पाच वाक्यं मोठ्याने वाचली. आवाज थोडा खरखरीत आला. तो त्यांना बरा वाटला.

पाट्यांची समिती महिन्यातून एकदा बसते: संचालक, शिक्षणखात्याच्या एक बाई, एक निवृत्त प्राचार्य आणि चहा. पाटीवाले कोपऱ्यात, चुका दुरुस्त करायला. नवी पाटी वाचली गेली तेव्हा प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, त्यांना लवकर पाणी यायचं. शिक्षणखात्याच्या बाईही म्हणाल्या, फारच जिवंत आहे. पुस्तकातही घेता येईल, पाच गुणांचा प्रश्न करू. संचालक म्हणाले, आधार काय? पाटीवाले म्हणाले, बहीण. संचालकांनी लिहून घेतलं: मौखिक. इथवर सगळं इतकं सुरळीत झालं की पाटीवाले खुर्चीत पुढे सरकून बसले. मग संचालकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दाराबद्दल विचारलं. दालनाच्या दारावर, वर पितळी अक्षरांत, ज्या घराण्याचं नाव आहे त्यांचाच तो कारखाना. आजही ते दर वर्षी वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत बसतात. तसं त्यांचं काही म्हणणं नसेलही, संचालक म्हणाले, पण दार हा काही चित्राचा विषय नाही. चित्रात दार दिसतं का? चित्रात दार दिसत नव्हतं; दार जिन्यावर होतं. शिक्षणखात्याच्या बाई म्हणाल्या, आणि ‘चिडलेली’ हा शब्द मुलांना कळणार नाही, म्हणजे कळेल, पण मग ती विचारतील कुणावर. आणि हो, शेवट राहिलाय. प्राचार्यांनी लगेच एक शेवट सुचवला. त्यात मशाल होती, काळरात्र होती, मानवजात होती आणि एकोणीस शब्द होते. बाईंनी त्यातली मानवजात काढली तर वाक्य लंगडं झालं. संचालकांनी मशालीचा ध्वज केला. पाच मिनिटं ते तिघं त्या वाक्याशी झोंबत होते, दोरीचा गुंता जितका ओढावा तितका घट्ट होतो तसे, आणि पाटीवाले ऐकत होते. ऐकताना त्यांना त्रास होत होता, पण तो वाक्याचा होता. कर्ता हरवला होता, क्रियापद दोनदा येत होतं. अठ्ठावीस वर्षांचा कारागीर समोर कुणी रंधा उलटा धरलेला किती वेळ बघेल? त्यांच्या नकळत, खरंच नकळत, त्यांच्या तोंडून निघालं: “शेवटच्या क्षणापर्यंत तिने आशेचा झेंडा फडकत ठेवला.”

खोलीत एकदम मोकळं झालं. वाः, प्राचार्य म्हणाले, आणि पुन्हा डोळे पुसले. दाराचे चार शब्द काढले, चिडण्याचे तीन काढले, आणि पाटीवाल्यांचे सात घातले. मर्यादा पाळली गेली, असं इतिवृत्तात आहे. संचालकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाची हरकत? पाटीवाले काही बोलणार होते. काय बोलणार होते हे त्यांना स्पष्ट माहीत होतं, वाक्य तयार होतं, त्यात कर्ता होता, क्रियापद होतं. पण आता हरकत घ्यायची तर स्वतःच्याच वाक्यावर घ्यायला हवी होती, आणि वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. ते म्हणाले, “‘फडकवत’ नको, ‘फडकत’ बरोबर आहे. तेवढं कोरणाऱ्याला सांगा.”

बाई सांगितल्या वारी आल्या. या खेपेलाही एकट्याच. नातीची शाळा होती. नवी पाटी दोन दिवसांपूर्वी लागली होती, तिचे स्क्रूही अजून चकचकीत होते. पाटीवाले तिकडे जाणार नव्हते. पण पहारेकरी बोलवायला आला, की त्या बाई तुम्हालाच विचारतायत, आणि आज पुसत नाहीयेत. बाई चित्रापुढे उभ्या होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं काम परवाच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं; अक्षरं दिसत नाहीत म्हणाल्या, काळ्या ओळी तेवढ्या दिसतात. वाचून दाखवा.

पाटीवाल्यांनी वाचायला सुरुवात केली. खिडकीतली मुलगी आली तेव्हा बाईंनी मान थोडी पुढे केली. सतरा वर्षं. पिवळा रुमाल. बाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, जणू त्या शब्द चाखून पाहत होत्या. ‘हातात घेतला आहे’ इथे पाटीवाले थांबले. इथे थांबता येईल असं त्यांना वाचता वाचताच सुचलं होतं. पाटीवर काही असो, ही बाई घरी काय घेऊन जाईल ते या क्षणी त्यांच्या हातात होतं, आणि खोटं न बोलता थांबणं त्यांना चांगलं येत होतं. त्यांनी चष्मा काढला.

“खाली अजून एक ओळ आहे,” बाई म्हणाल्या.

मग चष्मा पुन्हा लावून त्यांनी तीही वाचली. आवाज स्वच्छ आला.  शेजारच्या दालनात गाईडबाई एका सहलीला क्षितिज दाखवत होती.

“आणि दार?”

“साठ शब्दांत बसलं नाही.”

“चिडली होती, ते?”

पाटीवाल्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. बाईंनी विचारलं, ही ओळ कुणी लिहिली. संग्रहालयाने, असं उत्तर जिभेवर तयार होतं, पण पाटीवाले म्हणाले, “मी.” एवढं तरी खरं बोलता आलं याचं त्यांना किंचित समाधानही वाटलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एक डोळा नवा, एक जुना. कोणत्या डोळ्याने पाहिलं कळलं नाही. त्या रागावल्या नव्हत्या. अनोळखी गावात रस्ता चुकलेल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं:

“तुमच्या घरचं कुणी गेलेलं नाही वाटतं?”

“बायको गेली,” पाटीवाले म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

बाई मागच्या बाकावर बसल्या, जरा सरकून त्यांना बसायला जागा करून दिली. पाटीवाले बसले. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी असं बसायला सांगितलं नव्हतं. समोर नऊ फूट आग होती, खाली पाठीच पाठी. बाईंनी रुमाल मांडीवर ठेवला आणि हलकेच विचारलं, “कशी गेली?”

पाटीवाल्यांना तो ओठाचा कोपरा दिसला. या वेळी चार फुटांवरून नाही; अगदी जवळून, श्वास लागेल इतक्या जवळून. आवळलेला जबडा, कानाजवळची ताणलेली शीर, आणि डोळे. ते खिडकीकडे नव्हतेच. खिडकीच्या काचेत पाठीमागची खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीत बसलेला माणूस. ती त्याच्याकडे बघत होती. सगळं तिथे होतं, फक्त बोलायचं बाकी होतं. त्यांनी तोंड उघडलं.

“शांतपणे,” ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली. चित्राखालचं साल जुनं असलं की लोक हलवतात, तशी.